ज्यूरीतली सातवी खुर्ची

माझा स्वभाव निकाल देण्याचा आहे. घरात चकलीचा डबा रिकामा दिसला की तो कुणी संपवला हे मी डबा खाली ठेवायच्या आत जाहीर करतो आणि दहातल्या सात वेळा चुकतो. बायको म्हणते, घरात निकाल लावता त्या वेगाने कारखान्यात लावलेत तर कंपनी आठवड्यात बंद पडेल. तिचं बरोबर आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका लोणची-मसाल्यांच्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो, आणि तिथे मी अगदी दुसराच माणूस असतो. बरणीवरची तारीख आणि खोक्यावरची तारीख जुळली नाही तर सेल्सवाले कितीही नाचले तरी माल गेटबाहेर जात नाही. आणि पुराव्याशिवाय कुणा कामगारावर ठपकाही ठेवू देत नाही. पटत नसलेल्या कागदावर सही करायची वेळ आली की मी चष्मा काढून पुसत बसतो, तो स्वच्छ असला तरी.

अशा माणसाच्या पोटी वकील व्हायचं म्हणणारी मुलगी आली. ती इथलीच, दुबईत जन्मलेली, त्या वर्षी अकरावीत होती. आमच्याशी मराठीत भांडायला सुरुवात करायची आणि मुद्द्यावर आली की इंग्रजीत शिरायची. तिला पुण्याला जाऊन पाच वर्षांचा लॉचा कोर्स करायचा होता. मी म्हणत होतो इंजिनीअरिंग कर. आमच्या बिल्डिंगपासून पंधरा मिनिटांवर एक चांगलं कॉलेज आहे, सिग्नल लागले तर अठरा. मी तिला स्कोप सांगितला, पगार सांगितले, माझ्या ओळखीच्या चार वकिलांची उतरलेली तोंडं सांगितली. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं कारण ती पंधरा मिनिटंच होती.

दर वर्षी थंडीत आमच्या मराठी कुटुंबांचं स्नेहसंमेलन होतं आणि त्यात एक अभिरूप न्यायालय असतं. एखाद्यावर कायम उशिरा येण्याचा आरोप ठेवायचा, दोन्हीकडून विनोदी भाषणं करायची, आणि शिक्षा म्हणून त्याच्याकडून भसाड्या आवाजात गाणं म्हणवून घ्यायचं. त्या वर्षी मुलांनी सांगितलं की आता हे बोअर झालं, आम्ही खरा खटला चालवणार, फौजदारी, ज्यूरीसकट. आम्ही मोठी माणसं गोंधळलो. राहतो त्या देशात ज्यूरी नाही, न्यायाधीश निकाल देतात. पासपोर्ट आहे त्या देशात होती, ती आमच्या जन्माच्या सुमाराला बंद झाली. आम्हाला ज्यूरी म्हणजे नाचाच्या स्पर्धेत पुढच्या रांगेत बसून गुण देणारे तिघे एवढंच ठाऊक. पण मुलांच्या शाळांच्या क्लबांतून हे सगळं चालतं, त्यांनी नियमांचे कागदच छापून आणले.

मुलगी बचाव पक्षाची वकील झाली. एका संध्याकाळी जेवताना तिने मला तिचं भाषण ऐकवलं आणि वर विचारलं की आता तरी पटतंय का. मी भाकरी मोडता मोडता म्हणून गेलो, "बाराच्या बारा माणसांना पटवून दाखव. एक जरी फुटला तर इंजिनीअरिंग. सगळे तुझ्या बाजूने आले तर पुणे, मी एक शब्द बोलणार नाही."

"डील," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. मी भाकरीचाच हात मिळवला. बायकोने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही पैज निम्म्या गल्फला कळवली होती.

संमेलन अबू धाबीच्या खलिफा सिटीत, आमच्यातल्या एका कुटुंबाच्या व्हिलात होतं. त्यांचा दिवाणखाना मोठा, पन्नास माणसं आरामात बसतात. त्यांचाच मुलगा सरकारी वकील झाला होता. न्यायाधीश म्हणून एका कंपनीत कायद्याचं काम बघणाऱ्या बाई होत्या, आमच्यात ज्यांनी खरं कोर्ट आतून पाहिलंय अशा त्या एकट्याच. त्यांच्यासाठी लाकडी हातोडा आणला होता, पंचवीस दिरहमचा, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये, हे आमच्या सेक्रेटरींनी सुरुवातीलाच मोठ्याने सांगून टाकलं.

आधी ज्यूरी निवडायची होती. सव्वीस जणांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या होत्या. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने पुढे खुर्चीवर बसायचं, दोन्ही वकील त्याला प्रश्न विचारणार. हा माणूस एका बाजूला झुकलेला आहे असं वाटलं तर कारण सांगून त्याला उठवता येतं. शिवाय प्रत्येक बाजूला तिघांना काहीही कारण न देता घरी पाठवायचा हक्क. बाईंनी पहिला प्रश्न सगळ्यांनाच विचारला, की या दोन वकिलांपैकी कुणाला कोण ओळखतं. दिवाणखान्यातले सगळे हात वर झाले. माझ्या मुलीच्या बारशाला आलेल्या तीन बायका त्यात होत्या. बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ओळख चालेल, ज्यांना ती बाजूला ठेवता येणार नाही त्यांनी उठावं. कुणी उठलं नाही.

प्रश्न मजेदार होते. मुलगी प्रत्येकाला विचारत होती की एखादी वस्तू हरवली म्हणून कुणावर संशय घेतला आणि नंतर ती घरातच सापडली असं कधी झालंय का. एका वहिनींनी लाजत सांगितलं की कानातलं हरवलं म्हणून कामवालीला बोलले आणि ते माझ्याच ओढणीला अडकलेलं निघालं. त्यांना तिने ठेवलं. मग आमच्या शेजारच्या काकूंची चिठ्ठी निघाली. माझ्या मुलीला त्यांनी मांडीवर खेळवलेलं. प्रश्न पुरा व्हायच्या आधीच त्या म्हणाल्या, "बाळा, तू म्हणशील तसं."

"थँक यू काकू. यू आर एक्सक्यूज्ड," मुलगी म्हणाली. काकूंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या तडक कोशिंबीर चिरायला निघून गेल्या आणि जेवणापर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, हक्काचं एक मत या पोरीने स्वतःच्या हाताने घालवलं. आणखी एकाला तिने असंच पाठवलं, आणि तिच्याकडे विनाकारण उठवायचा एकच हक्क उरला.

सातवी चिठ्ठी माझी निघाली.

सगळा दिवाणखाना हसला, कारण पैज सगळ्यांना माहीत होती. बाई म्हणाल्या, वकिलाचा बाप ज्यूरीत चालणार नाही. पण सरकारी वकील लगेच उठून म्हणाला की आमची काही हरकत नाही. का असणार? आरोपी दोषी ठरला तर माझी मुलगी हरणार, ती हरली तर इंजिनीअरिंग, म्हणजे मी त्याच्याच बाजूचा. पोरगा हुशार होता. आता उरलेला हक्क ती माझ्यावर वापरणार हे स्पष्ट होतं आणि मी अर्धा उठलोही होतो.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काळा कोट तिच्या आईचा होता, खांद्यावर सैल. "ज्यूरर नंबर सात, कुठला निकाल लागला तर तुमचा फायदा आहे?"

"दोषी," मी म्हणालो.

"आणि खरं बोलण्याने तुमचं नुकसान होणार असेल तर?"

"ते कारखान्यात रोजच होतं."

लोक पुन्हा हसले. ती हसली नाही. म्हणाली, "डिफेन्स अ‍ॅक्सेप्ट्स द ज्यूरर." बाईंनी कपाळाला हात लावला, पण दोन्ही पक्षांना चालतंय म्हटल्यावर त्यांनीही मला ठेवलं. मी खुर्चीत नीट टेकून बसलो. मला वाटलं, पोरीने मोठी चूक केली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

खटला असा होता. दुबईतल्या एका काल्पनिक व्हिलातून चांदीचं मोठं तबक चोरीला गेलं. आरोपी त्या घरचा ड्रायव्हर. ती भूमिका आमच्यातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी केली, आणि त्यांनी इतका गरीब चेहरा केला होता की पुढे सहा महिने मला ते तसेच दिसत राहिले. ड्रायव्हरचं म्हणणं, सकाळी मी गाडी घेऊन शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या गॅरेजमध्ये गेलो होतो. गॅरेजची पावतीही होती, तिच्यावर गाडी आत नऊ वाजून दहाला, बाहेर दहा वाजून पाचला, आणि सगळा वेळ तो तिथेच बसून होता हे गॅरेजवाल्याने लिहून दिलेलं. पण त्याने भागत नव्हतं. शेजारच्या बाईंनी त्याला व्हिलाच्या बाजूच्या फाटकातून पिशवी घेऊन बाहेर पडताना पाहिलं होतं आणि तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. दहा पाचला शारजाहून निघालेला माणूस अकराला दुबईत असू शकतो. सरकारी वकिलाने एक मोठा छापलेला फोटोही दाखवला, शेजारणीच्या ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून फाटक कसं सरळ दिसतं ते. मुलांनी तो फोटो यजमानांच्याच स्वयंपाकघरात काढला होता.

माझी मुलगी चांगली बोलली. टोपी घातलेला माणूस पाठमोरा दिसला, चेहरा दिसलाच नाही, तबक त्याच्याकडे सापडलं नाही, हे तिने नीट मांडलं. पण शेजारणीची भूमिका करणाऱ्या यजमानीणबाई इतक्या ठाम होत्या, "मी त्याला रोज बघते, चाल ओळखते मी त्याची," की समोर बसलेल्या लोकांच्या माना हलत होत्या. न्यायाधीश बाईंनी शेवटी आम्हाला समजावून सांगितलं. वाजवी शंका उरली तर आरोपीला सोडायचं. शंका म्हणजे मनात आलेली कुठलीही गोष्ट नाही, पुराव्यातून आलेली हवी. निकाल बाराही जणांचा एक हवा. आणि बघायचं ते फक्त फाइलमध्ये आहे तेवढंच.

आम्हाला वरच्या मजल्यावरच्या अभ्यासाच्या खोलीत कोंडलं. ज्यूरीचा प्रमुख कोण, यावर चर्चाच झाली नाही. आमचे सेक्रेटरी टेबलाच्या डोक्याशी बसले आणि झाले. बारा वर्षं तेच सभा चालवतात. त्यांनी खिशातून डायरी काढली, वर तारीख घातली आणि खाली ओम लिहिला. मग वाचलं, "ठराव क्रमांक एक. आरोपी दोषी आहे. सूचक?" कुणीतरी हात वर केला. "अनुमोदक?" आणखी एक हात. "कुणाचा विरोध?"

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या सभांत "कुणाचा विरोध" या प्रश्नावर आजवर कुणी तोंड उघडलेलं नाही, कारण जो विरोध करतो त्याच्याच गळ्यात ते काम पडतं. तीन वर्षांपूर्वी मी एकदा म्हणालो होतो की नाश्त्याचे सामोसे गार असतात. पुढची दोन वर्षं सामोसे मी आणले. खालून मसालेभाताचा वास येत होता. सगळे डायरीकडे बघत गप्प बसले.

मी फाइल चाळत होतो, केवळ हाताला सवय म्हणून. फोटो समोर आला. खिडकी, फाटक, खिडकीशेजारी भिंतीवरचं गोल घड्याळ. त्यात सहा दहा झाले होते. खाली ओट्यावर मायक्रोवेव्ह, आणि त्याच्या हिरव्या आकड्यांत चार चाळीस.

लेबलवरच्या दोन तारखा जुळल्या नाहीत की माझ्या मानेवर जे होतं ते झालं. दीड तासाचा फरक. तो आकडा इथे राहणाऱ्या कुणालाही झोपेत कळेल. आमच्या स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळही भारताच्या वेळेवर आहे. माझी आई नाशिकला असते, तिची जेवणाची, मालिकेची, औषधाची वेळ बघून फोन करायचा म्हणून बायकोने ते तसं लावलंय, आणि मनगटावर इथली वेळ. यजमानांकडेही तसंच. म्हणूनच तर मुलांनी फोटो काढला, छापला, मोठा केला, पन्नास माणसांना दाखवला, आणि एकाच्याही डोळ्यांना तो खटकला नाही. स्वयंपाकघरात दोन वेळा असणं आम्हाला नेहमीचंच आहे. पण भिंतीवरच्या घड्याळात अकरा म्हणजे इथले साडेनऊ. साडेनऊला ड्रायव्हर शारजात गॅरेजच्या बाकावर बसलेला होता. पावतीसकट.

आणि मी गप्प बसलो. विरोध केला तर काम गळ्यात पडतं म्हणून गप्प बसलो, असं मी नंतर हसत हसत पुष्कळांना सांगितलं. ते खोटं आहे. मी गप्प बसलो कारण हा फोटो टेबलावर ठेवला असता तर माझी मुलगी जिंकली असती. मला एकदम आमचं घर दिसलं, तिच्या खोलीचं दार बंद, आत कुणी नाही. हे सगळं खेळातलं आहे, डॉक्टरांना काही खरा तुरुंग होणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. "ठराव सर्वानुमते मंजूर," सेक्रेटरी म्हणाले. चार मिनिटं झाली होती. एकांनी शिक्षा जरा कमी करावी असं सुचवलं, तर तो आपला विषय नाही असं त्यांना सांगण्यात आलं.

खाली येऊन आम्ही आपापल्या खुर्च्यांत बसलो. सेक्रेटरींनी डायरीतून ठराव वाचून दाखवला. डॉक्टरांनी मान खाली घातली. सरकारी वकिलाची आई टाळ्या वाजवायला लागली, बाईंनी तिला हातोड्याने गप्प केलं. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. माझी मुलगी टेबलावरचे कागद गोळा करत होती. तिने एकदा वर पाहिलं आणि कागद खाली ठेवले.

"माय लेडी, डिफेन्सची एक विनंती आहे. प्रत्येक ज्यूररला वेगवेगळं विचारावं."

बाईंनी नियमांचा कागद पाहिला. निकाल वाचल्यावर कुठलीही बाजू हे मागू शकते, असं त्यात होतं. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली. हा तुमचा स्वतःचा निकाल आहे का? पहिले म्हणाले हो. दुसरे हो. तिसऱ्या, चौथे, पाचव्या, हो. सहाव्या खुर्चीत कानातलंवाल्या वहिनी होत्या, त्या म्हणाल्या, "हो. म्हणजे, हो."

"ज्यूरर नंबर सात. हा तुमचा स्वतःचा निकाल आहे का?"

सभेत गप्प बसणं सोपं असतं. तिथे कुणी तुम्हाला विचारत नाही, विचारतात ते सगळ्यांना. इथे पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि ती आपल्या आईच्या कोटात उभी होती, चेहरा अगदी कोरा, जणू मला ओळखतच नाही. तिच्या पहिलीच्या रिपोर्ट कार्डापासून सगळ्या कागदांवर माझी सही आहे. एकही न वाचता केलेली नाही.

"नाही," मी म्हणालो.

सेक्रेटरी उठूनच उभे राहिले. अहो, ठराव सर्वानुमते झालाय, लिहिलंय इथे, असं ते डायरी उंच धरून सांगू लागले. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की एकाचं नाही म्हणजे सगळ्यांचं नाही, आणि आम्हाला परत वर पाठवलं. जिन्यातच सेक्रेटरींनी डायरी माझ्या हातात दिली. "आता तुम्हीच चालवा," ते म्हणाले. रीत ती रीत.

मी फोटो टेबलाच्या मध्ये ठेवला आणि काही न बोलता दोन्ही घड्याळांवर बोट ठेवलं. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, हा तर यजमानांचा ओटा, पोरांची चूक झाली, खटल्यात तसं नाहीच. मी म्हणालो, माझ्याकडे बरणीवर चुकीची तारीख छापली गेली तर छापणाऱ्याच्या मनात काय होतं ते मी विचारत नाही, बरणी काय सांगते ते बघतो. आपल्यापुढे हा फोटो पुरावा म्हणून ठेवलाय. कुणी म्हणालं, मायक्रोवेव्हचं घड्याळ कुणाचं बरोबर असतं? खरं आहे, मी म्हणालो, कदाचित तेच चुकीचं असेल. पण चुकलंय कुठलं हे आपल्याला माहीत नाही, आणि चुकून नेमका दीड तासच कसा चुकला? तेव्हा कानातलंवाल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे पण भिंतीवरचं इंडियाचंच आहे." मग हात वर करायला सांगितले. बारापैकी नऊ स्वयंपाकघरं भारताच्या वेळेवर चालत होती. सेक्रेटरींना खाली जाऊन खरं घड्याळ बघून यायचं होतं. फाइलबाहेर काही बघायचं नाही म्हणून त्यांना अडवलं, आणि ते मसालेभातासाठी चालले होते असा सगळ्यांनाच संशय होता.

पण एवढ्यावर संपलं नाही. एक गृहस्थ, बँकेत काम करणारे, पाऊण तास अडून बसले की चाल ओळखते म्हणाल्या ना बाई. त्यांना पटवायला आम्ही तिघांनी खोलीत पाठमोरं चालून दाखवलं आणि त्यांनी तिघांनाही चुकीचं ओळखलं, त्यातली एक त्यांची सख्खी बायको होती. तेव्हा कुठे खलास झालं. या वेळी मी कुणाचा विरोध असं विचारलं नाही. एकेकाकडे बघून नाव घेऊन विचारलं. वेळ लागला.

निर्दोष, बाराच्या बारा. डॉक्टरांनी माझे दोन्ही हात धरले. मसालेभात गार झाला होता आणि त्याबद्दल मला पुढे वर्षभर ऐकावं लागलं. काकूंनी मात्र माझ्या मुलीच्या ताटात जिलबी वाढली, म्हणजे तो खटलाही मिटला होता.

परतताना गाडीत मी वाट बघत होतो की ती आता पुण्याचा विषय काढेल. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. जेबेल अलीच्या आसपास म्हणाली, "आय लॉस्ट, बाबा."

मी म्हटलं, काय बोलतेस, बाराच्या बारा. तर ती म्हणाली की पहिल्यांदा बाराच्या बारा तिच्या विरुद्ध होते, तिच्या भाषणाने एकही माणूस हलला नाही, घड्याळ तिला दिसलंच नाही, ते मला दिसलं. मग मी तिची बाजू मांडायला लागलो. निकाल तो निकाल, कुणाला काय दिसलं हे कोर्टात विचारत नाहीत, पैज पैज असते. मागच्या सीटवरून बायको म्हणाली की आता हा माणूस लॉसाठी भांडतोय आणि ही इंजिनीअरिंगसाठी, यल्ला, चला आता, कुणीतरी मला घरी पोचवा.

मग मला राहवलं नाही. विचारलं, "वेगवेगळं विचारा म्हणून उठलीस कशाला? तुला तर घड्याळाचं माहीत नव्हतं."

"यू वर क्लीनिंग युअर ग्लासेस," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "तुला काहीतरी माहीत होतं आणि तू ते बोलला नव्हतास. म्हणून तर तुला ठेवलं होतं. काकू माझ्यासाठी खोटं बोलली असती. तू स्वतःसाठीसुद्धा फार वेळ बोलू शकत नाहीस."

मी तिला सांगितलं की ती चार मिनिटं मी खोटं बोललो होतो. ती म्हणाली, माहीत आहे. मग मी पंधरा मिनिटांचंही सांगून टाकलं. तेही तिला माहीत होतं. बायकोलाही माहीत होतं. तेवढं लपवायला मी एकटाच मेहनत घेत होतो.

पुढच्या वर्षी फॉर्मवर पालकाची सही मी केली. वाचून केली, चष्मा न पुसता केली. आता ती पुण्याला दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर मला कायदे शिकवते आणि मी कुठल्याही गोष्टीवर झटकन निकाल दिला की म्हणते, बाबा, एव्हिडन्स. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून दीड तास पुढेच आहे. पूर्वी ते आईच्या औषधासाठी होतं, आताही आहेच. पण सकाळी चहा ठेवताना मी आधी त्याच्याकडे बघतो, तिचं पहिलं लेक्चर सुरू झालं असेल असं म्हणतो, आणि मग मनगटावरच्या घड्याळात इथे किती वाजले ते पाहतो.